झिंगे कोणत्या पाण्याकडे गेले

सिंदी मेघे, वर्धा
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय मंजू,

आशीर्वाद आणि खुशाली मागाहून येईलच, आधी मुद्द्याचं सांगतो. तुझे झिंगे जिवंत आहेत. जानेवारीत स्टेशनवर गाडी हलताना तू खिडकीतून म्हणाली होतीस, "बाबा, ते सगळे धाम नदीत सोडून द्या," आणि मी मान हलवली होती. मान हलवली, पण सोडले नाहीत. तुझी आई म्हणाली, "एवढ्या थंडीत कुठं नेऊन टाकता त्यायले? घरचं खाऊन राह्यले, राहू द्या." तेव्हापासून ते मागच्या खोलीतच आहेत. चांगले माजलेत, आणि त्यातल्या दोघींच्या पोटाखाली अंडी आहेत. हे फोनवर सांगायचा मी कितीदा तरी प्रयत्न केला, पण झिंग्यांचा विषय निघाला की तुला लगेच मीटिंग असते. रविवारीसुद्धा असते! म्हणून हे पत्र. आईने कुरड्यांचं पार्सल बांधलंय, त्यात हे सगळ्यात वर ठेवणार आहे. कुरड्या पाहिजे असतील तर पत्र हातात घ्यावंच लागेल.

मंजू, मी फार आनंदात आहे. इतका की काल ओमप्रकाशच्या कूलरच्या दुकानात उभ्या उभ्या त्याला मिठी मारली. त्याच्या हातात कूलरच्या बाजूला लावायची गवताची ताटी होती, तिचा भुसा माझ्या शर्टाला चिकटला, आणि तो म्हणाला, "क्या काकाजी, लॉटरी लगी क्या?" मी म्हणालो, त्याहून मोठं. तुझ्यावर जो डाग लागला तो पुसून काढणारी गोष्ट मला सापडली आहे. पण ती मी एकदम सांगणार नाही. तूच म्हणायचीस ना, बाबा, निकाल आधी सांगू नका, काय केलं ते आधी सांगा. तर तसंच सांगतो, मग माझ्यावर चिडायचं नाही.

डिसेंबरातली ती बैठक मी विसरलेलो नाही, आणि तूही विसरली नसशील. मागच्या उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही, म्हणून तू तुझ्या काचेच्या टाक्या घरी आणल्यास आणि मागच्या खोलीत चाचण्या घेतल्यास. तेव्हा झिंगे गरम पाणी सोडून थंड पाण्याकडे असे वळायचे की पाहत राहावं. हिवाळ्यात तुझ्या गाईड मॅडमनी तीच चाचणी कॉलेजात घ्यायला लावली. एका बाजूला हीटर, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या बाटल्या लावून थंड केलेलं पाणी, सगळं कसं नीट. आणि झिंगे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मग मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे उन्हाळ्याचे आकडे टाकीतून आले की डोक्यातून? मॅडमवर माझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू घरी आलीस, जेवलीस, आपलं ताट धुतलंस, आणि महिन्याभरात परीक्षेचे प्रश्न तयार करायची ती पुण्याची नोकरी पकडून निघून गेलीस. लोकांनी विचारलं की मी सांगायचो, पोरीला चांगला पगार आहे. आणि मनात जळायचो.

आता माझं काम तर तुला माहीतच आहे. जन्मभर वर्धा बसस्टँडवर माइक हातात धरून ओरडलो, आणि लोक फलाटावर कसे वागतात ते पाहिलं. एक जण आर्वीच्या गाडीकडे पळाला की त्याच्या मागे हिंगणघाटचे प्रवासीसुद्धा पळतात, आणि मग दारात उभं राहून विचारतात ही गाडी कुठं जाते. तू झिंगे एकेकटे सोडायचीस तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्याला सोबत तरी दे. तू म्हणालीस, बाबा, सोबत दिली तर तो पाण्याचं ऐकणार नाही, सोबतीचं ऐकेल. त्या दिवशी मला तुझं शास्त्र कळलं. रिटायर झाल्यावर रिकामा बसलेला माणूस मी, तुझ्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायला लागलो तो तेव्हापासून.

त्यामुळे तू गेल्यावर टाक्यांचं काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. पाणी बदलत होतो, उकडलेल्या पालकाचं पान टाकत होतो. होळीनंतर एक दिवस सहज ती तुझी इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची पन्हाळ पुसली. खाली एक खोली, तिथून दोन फाटे. दोन्ही फाट्यांच्या टोकाला उंचावर एकेक बादली, बादल्यांतून बारीक नळीने दोन पाणी संथ उतरतात आणि खालच्या खोलीत एकत्र होतात. झिंगा तिथे एका सरकत्या फाटकामागे. फाटक उचललं की तो मिशा हलवतो, दोन्हीकडचं पाणी चाखतो, आणि ठरवतो. ओमप्रकाशने कूलरचा जुना पंप दिला, वरून खाली आलेलं पाणी नाल्यात सोडायला. मी नळ सोडला, पाणी बरोबर वाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की मी तुझ्या आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी गेली, आता तुम्ही लागले का?"

मागचा उन्हाळा आठवतो का तुला? तो झिंगे खाणारा मरळ मासा? नदीवर मासे धरणाऱ्या पवनारच्या लहानूने पिशवीतून आणून दिला होता, कारण तुला पाहायचं होतं की ज्या पाण्यात मरळ राहिला त्या पाण्याचा वास आला की झिंगे काय करतात. टाकी रिकामी नव्हती म्हणून तू तो आईच्या अंघोळीच्या टबात ठेवलास आणि तिला सांगायचं विसरलीस. तिची किंकाळी ऐकून शेजारचे धावत आले होते. तीन दिवस ती बादलीनं अंघोळ करत होती आणि बोलत कुणाशीच नव्हती. पण तिसऱ्या दिवशी तूच तिला ओढून आणलंस, मरळाचं पाणी पन्हाळीत सोडलंस, आणि फिरणारा झिंगा जागच्या जागी थिजला, मिशीसुद्धा हलेना. आई म्हणाली, "अवं माय! न पाह्यताच भ्याला." तू टाळी वाजवलीस. तेवढं हसताना मी तुला त्यानंतर पाहिलेलं नाही.

तर मी सुरुवात केली. तुझ्यासारखीच सगळी पद्धत. थंड पाणी मोरीमागच्या कडुलिंबाखाली वाळूत रोवलेल्या आपल्या रांजणातलं, जिथे तू नळाचं पाणी औषधाचा वास उडावा म्हणून भरून ठेवायचीस. गरम पाणी निळ्या ड्रममधलं. उन्हाळ्यात आपल्याकडे त्याला हीटर लागतो कुठं? गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की वर्ध्याचं ऊन फुकट मिळतं. थर्मामीटर लावून त्यात साधं पाणी मिसळायचं, म्हणजे झिंग्याला चटका बसणार नाही. बाजू बदलायच्या, एकदा थंड डावीकडे, एकदा उजवीकडे. मधे पन्हाळ धुवायची, म्हणजे आधीच्याचा वास नंतरच्याला लागणार नाही. एक झिंगा दिवसात एकदाच. बघ, पाठ आहे की नाही?

आणि झालं काय, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एप्रिलचं ऊन, बाहेर कुत्री नालीत बसलेली, आणि हे शहाणे खुशाल गरम पाण्याकडे चालले. मी बाजू तपासल्या, नळ्या तपासल्या, थर्मामीटर तोंडात धरून पाहिला. तुला खरं सांगतो, त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. मॅडमचं वाक्य डोक्यात घोळायचं. तू खोटं लिहिणारी नाहीस हे मला ठाऊक होतं, अगदी आत हाडात ठाऊक होतं, पण झिंगे माझ्या बाजूने साक्ष देईनात. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती विचारायची आणि मी म्हणायचो, खाऊन पिऊन मजेत आहेत.

मग अक्षय तृतीया झाली. पूजा, पितरांचं पाणी, आमरस, दुपारची झोप, सगळं यथासांग. त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी पुन्हा पन्हाळ लावली, तीही आता शेवटची म्हणून. पहिला झिंगा सोडला, थंडकडे गेला. दुसरा, थंडकडे. तिसऱ्याने गरम फाट्यात तोंड घातलं, थांबला, मागे फिरला आणि थंडकडे गेला. मंजू, मी बाजू बदलली, ते बाजू बदलून थंडकडे गेले! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एखादाच चुकार गरमकडे जायचा. मी खोलीत एकटा नाचलो. या वयात, लुंगीवर. तुझे उन्हाळ्याचे आकडे पुन्हा आले होते. पण आनंद ओसरल्यावर भीती वाटली, कारण असं का झालं ते कळेना. पंधरा दिवसांपूर्वी अर्धे-अर्धे जाणारे हेच झिंगे, हेच पाणी, हीच पन्हाळ, मग बदललं काय? ओमप्रकाश म्हणाला, "गर्मी बढ़ गयी काकाजी, और क्या." मलाही पटायला लागलं होतं. पण दोन्ही पाण्यांचं तापमान तर मी तेच ठेवत होतो. बाहेरच्या उन्हाशी पन्हाळीतल्या झिंग्याला काय देणंघेणं? झिंग्याने काही वर्तमानपत्र वाचलं नव्हतं, वर्ध्याचा पारा कुठे गेला ते.

मागच्या आठवड्यात रांजणाच्या कडेला हिरवट शेवाळ दिसलं म्हणून तो रिकामा करायला घेतला. तुला माहीतच आहे त्याचं तोंड केवढं, आत काळोख. पाणी उपसून संपत आलं तसा मी खांद्यापर्यंत हात घालून तळ चोळायला लागलो, आणि हाताला काहीतरी मऊ, बुळबुळीत, गोळ्यासारखं लागलं. मला वाटलं बेडूक. हात असा झटकन काढला की कोपर रांजणाच्या काठावर आपटलं, अजून दुखतंय. मग काठीने ओढून काढलं, तर पांढऱ्या मलमलची पुरचुंडी, वर लाल दोरा बांधलेला. सोडून पाहिली. आत एक गोटा, आणि वाळा. वाळ्याच्या मुळ्या, मंजू! चांगली मूठभर.

मी ती ओली पुरचुंडी हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो. तुझी आई आंबे कापत होती. विचारलं, हे काय? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली जणू मी विचारलं होतं, भाजीत मीठ कशाला. म्हणाली, "वाळा हाय. अक्षय तृतीयेले टाकला. दरसाल टाकतो आपण माठात, नाई का?" माठात टाकतो गं, पण मंजूच्या रांजणात? "काऊन? मंजूचा रांजण का परका हाय? अन् तेच पानी त्या मुक्या जिवायले जाते नं? उन्हाया का आपल्यालेच लागते? त्यायच्याबी जिवाले थंडावा पाह्यजे का नाई?" मी खालीच बसलो, फरशीवर. विचारलं, मागच्या वर्षी? ती म्हणाली, "मागच्या सालीबी टाकला. मंजू तवा नदीवर गेलती, तिले काय सांगायचं त्यात. गोटा बांधला होता, म्हनून वर नाई आला."

कळलं का तुला? पूर्वजांना पाणी द्यायचं, घरातल्या माठात वाळा घालायचा, आणि त्याच हाताने झिंग्यांच्याही पाण्यात घालायचा, हे तुझ्या आईशिवाय या जगात कुणाला सुचलं असतं? आणि वास आपल्याला कुणालाच आला नाही. येणार कसा? माठात वाळा, कूलरच्या ताटीत वाळा, पाहुण्याच्या सरबतात वाळा. उन्हाळ्यात वर्ध्यात वाळ्याचा वास आला हे कुणाच्या ध्यानात तरी येतं का? तो नसता तर कदाचित आलं असतं. तू मागच्या मे महिन्यात रोज थंड फाट्यात रांजणाचं पाणी सोडत होतीस, त्यात वाळा. गरम फाट्यात ड्रमचं, त्यात नाही. हिवाळ्यात कॉलेजच्या बर्फाच्या पाण्यात वाळा कुठून येणार? आणि माझ्या एप्रिलच्या पाण्यातही नव्हता. तू तापमान मोजत होतीस, आणि झिंगा वास मोजत होता.

पण मीही तुझाच बाप आहे, नुसत्या अंदाजावर थांबणार नव्हतो. रांजण घासून स्वच्छ केला, दोन दिवस उन्हात पालथा घातला, पुन्हा भरला, पाणी पहिल्यासारखं गार होऊ दिलं. वाळा नाही. झिंगे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मग नवीन वाळा आणला, तसाच मलमलमध्ये बांधून आत सोडला, एक दिवस जाऊ दिला. आणि पन्हाळ लावायच्या आधी देवापुढे उभा राहिलो, हेही सांगतो, हसू नकोस. झिंगे गेले! थंडकडे, वाळ्याकडे, एकामागून एक गेले. मी तुझ्या आईला बोलावलं. तिने पदर खोचून, कंबरेवर हात ठेवून सगळं पाहिलं. एक झिंगा मधेच घुटमळला तर त्याला म्हणाली, "जाय नं बापा, तिकडं जाय!" मी सांगितलं, असं बोलायचं नाही, शास्त्र चाललंय. तर ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली, पण मानेने त्याला दिशा दाखवतच होती.

नदीत त्यांचं घरच मुळांत असतं ना? लहानू काठच्या गवताच्या मुळ्यांतूनच ते टोपलीने उचलतो, तूही त्याच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभी राहिली होतीस. कदाचित मुळांचा वास म्हणजे त्यांना आडोसा वाटत असेल. कदाचित वाळ्यावर चढलेला बारीक शेवाळाचा बुरा त्यांचं खाणं असेल. मला ठाऊक नाही, आणि मी ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. तू जो अर्थ लावलास, की झिंगे गारव्याकडे जातात, तो कदाचित चुकला. पण तू जे पाहिलंस ते अगदी तसंच घडलं होतं. एकही आकडा तुझ्या डोक्यातून आला नव्हता. हे वाक्य मी पुन्हा लिहू का? एकही आकडा तुझ्या डोक्यातून आला नव्हता.

हे सगळं मी तुझ्या आईला समजावून सांगितलं, म्हणजे आनंदाने सांगत गेलो, आणि तिचा चेहरा उतरत गेला ते माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी तिने विचारलं, "म्हंजे माह्यामुळे पोरीले खोटी म्हनलं?" आणि रडायला लागली. मी म्हणालो, अगं, तुझ्यामुळे तिला असं काही सापडलं जे कुणी शोधत नव्हतं. तिला ते पटलं नाही. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तू तिला सांगितली होतीस आणि तिने इतके महिने पोटात ठेवली होती. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तू तिला म्हणालीस, "आई, मॅडम म्हनते ते असू द्या. पन मलेच आता माह्या डोयायवर भरवसा नाई राह्यला. मले जे पाह्यचं होतं तेच मी पाह्यलं असन." मंजू, मॅडमचं बोलणं मला लागलं होतं, पण हे ऐकून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं तू रागाने गेलीस. राग असता तर परवडलं असतं.

त्यानंतर मी स्कूटर काढून कॉलेजपर्यंत गेलो होतो. हातात पिशवी, पिशवीत वाळा, मॅडमच्या टेबलावर ठेवणार होतो आणि माइकवर बोलतो तशा आवाजात बोलणार होतो. फाटकाशी तुझी मैत्रीण जागृती भेटली, ती अजून तिथेच काम करते. तिने पाया पडून विचारपूस केली आणि म्हणाली, "काका, मंजूचं टेबल मॅडमनी अजून कुणाले देल्लं नाई. नावबी काढलं नाई. एकदा विचारलं मी, तर म्हने, राहू दे." मी पिशवी तशीच घेऊन परत आलो. मॅडमच्या मनात काय आहे ते मॅडमना माहीत, पण तुझ्या वतीने माझं बोलणं बरोबर नव्हतं. पोरीचं शास्त्र बापाने सांगितलं तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहील, हे कुणाच्या डोक्यातून आलं.

आता खुशाली. माझं बीपी ठीक आहे, आईचा गुडघा उन्हाळ्यात बरा असतो तसा बरा आहे. कडुलिंबाखाली सावली चांगली आहे. कुरड्या तळताना तेल नीट तापू दे, मागच्या वेळी तू म्हणालीस फुलल्या नाहीत.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. एक चाचणी अजून राहिली आहे, आणि खरं तर तीच एक कामाची आहे. माझ्या सगळ्या चाचण्यांत वाळाही थंड पाण्यात होता आणि गारवाही तिथेच होता. झिंगे नुसत्या वाळ्याला गेले, की वाळा आणि गारवा दोन्ही मिळून त्यांना पाहिजे होते, हे त्यातून कळत नाही. तूच शिकवलेलं आहे हे. म्हणून पुरचुंडी रांजणातून काढून गरम ड्रममध्ये टाकायची आणि थंड पाणी कोरं ठेवायचं. झिंगा गरम पाण्याकडे वळला तर सगळा खेळ वासाचा. नाही वळला तर मी चुकलो, आणि मग नवा प्रश्न. काल मी ते सगळं मांडलं. रांजण धुवून भरलेला, वाळा ड्रममध्ये भिजलेला, दोन्ही पाणी वाहायला लागलेलं, झिंगा फाटकामागे उभा, मिशा हलवत. तुझी आई दारात. मी फाटकाला हात लावला, आणि ते उचललं नाही. इतकी घाई मला जन्मात कशाची झाली नव्हती, तरी उचललं नाही. झिंग्याला परत टाकीत सोडलं आणि नळ बंद केले. तुझी आई म्हणाली, "काऊन थांबले?" मी तिला सांगितलं ते तुला सांगतो. मी ते पाहिलं असतं तर आज तुला निकाल कळवला असता, आणि तू म्हणाली असतीस, बाबांनी पाहिलं, बाबांना जे पाहायचं होतं ते पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तुझ्या काय कामाचं? तुझ्या डोळ्यांवरचा तुझा भरवसा माझ्या डोळ्यांनी परत येणार नाही. मृग लागला की गच्चीवरचं पाणी गार पडेल आणि मग हे जमायचं नाही, म्हणून त्याच्या आत ये. नोकरी सोडायची की ठेवायची, मॅडमकडे जायचं की नाही, यातलं मी काहीही विचारणार नाही. दोन दिवसांची सुट्टी काढ. ये, स्टुलावर बस, आणि ते फाटक तू उचल. झिंगा कुठं गेला ते आधी तू पाहा, मग मला सांग.

वाळा भिजत घालून तुझी वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा